चांद्याची सुट्टी

शनिवारी दुपारी दीड वाजून गेल्यावर चांद्या बैल रस्त्याच्या बरोबर मधोमध बसला, आणि गुरुप्रसाद दामल्यांनी कपाळाला हात लावला.

रस्ता तसा नावापुरताच. लोट्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे छातीएवढे गडगे आणि त्यांच्यामधून जेमतेम एका गाडीपुरती डांबराची पट्टी. समोरून दुसरी गाडी आली तर दोघींपैकी एकीला मागे सरकावं लागे. त्या पट्टीवर एका जुन्या फणसाची दाट सावली पडली होती. चांद्याने तिथे पोचल्यावर आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचं धूड खाली सोडलं, एक लांब सुस्कारा टाकला आणि डोळे अर्धे मिटून तो रवंथ करू लागला.

दामल्यांनी घड्याळात पाहिलं. दहा मिनिटांत गावातून लोट्याच्या कारखान्यात जाणारी कंपनीची बस येणार होती, दुसऱ्या पाळीची. आणि दोन वाजून दहा मिनिटांनी उलट बाजूने चिपळूणहून एसटी येणार होती. त्या एसटीत डॉक्टर मालिनी केळकर होत्या. त्या आज चांद्याची तपासणी करायला येत होत्या.

दामल्यांनी एसटीत चौतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी वेळेवर सुटली नाही की त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांना खेडमधल्या 'सोबत' या छोट्या मंडळाचं चिटणीसपद मिळालं. मंडळाचं मूळ डोकं नम्रता नावाच्या तरुण समुपदेशक बाईंचं. ज्या मुलांचं माणसांपाशी अडतं, ती जनावरापाशी मोकळी होतात, असं तिचं म्हणणं होतं. जनावर दिलं गावातल्या रावजींनी. त्यांनी शेतीला पॉवर टिलर घेतला आणि पंधरा वर्षांचा चांद्या बिनकामाचा झाला. दर शनिवारी खेडमधली दहा मुलं यायची, चांद्याला ओढ्यावर न्यायची, घासायची, पुसायची, शिंगांना तेल लावायची. ऋत्विक नावाचा एक मुलगा शाळेत पाच मिनिटं बाकावर टिकत नसे, तो इथे अर्धा अर्धा तास चांद्याची पाठ चोळत बसे. दामल्यांना हा चमत्कार वाटे.

सहा महिन्यांपूर्वी डॉक्टर मालिनी पहिल्यांदा आल्या. अशा कामांना मान्यता देणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेच्या त्या पशुवैद्य. दिवसभर त्या काजूच्या झाडाखाली बसून बघत राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, "मुलांचं छान चाललंय. बैलाचं कसं चाललंय?"

दामल्यांना प्रश्नच कळला नाही. मग बाईंनी त्यांना उभं करून दाखवलं. दहा मुलं दहा बाजूंनी, चांद्याचे कान मागे पडलेले, शेपटी सारखी हलतेय, आणि कंटाळला तर बाजूला जायला जागाच नाही. "निवृत्त झालाय ना हा?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे काय आहे?"

मान्यता लांबणीवर पडली. दामले मनातून फार ओशाळले. निवृत्तीनंतर त्यांना स्वतःला गावातल्या सात मंडळांनी धरलं होतं, त्यामुळे बैलाचं दुःख त्यांना लगेच पटलं.

त्यांनी पहिल्यांदा चांद्याचं वेळापत्रक केलं. बारा ते बारा चाळीस सेवा, पुढे विश्रांती, असं सुवाच्य अक्षरात लिहून गोठ्यावर लावलं. चांद्या कधी बारा दहालाच बसे, कधी एक वाजला तरी पोरांच्या मागे मागे फिरे. शेवटी रावजी म्हणाले, "दामले, तुमची एसटी नाय ही. तो कदी बसायचा तां तेला कलतंय." मग नम्रताने मुलांना घेऊन नियम तयार केले. एका वेळी दोनच मुलं. चाळीस मिनिटांच्या वर काम नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा होता: चांद्या बसून रवंथ करू लागला की त्याची सुट्टी सुरू. सुट्टीत त्याला कोणी हात लावायचा नाही, ओढायचं नाही, उठवायचं नाही. त्याखाली नम्रताने आणखी एक ओळ घातली होती, 'मोठ्यांनीसुद्धा.' कागदावर चिटणीस म्हणून दामल्यांची झोकदार सही होती.

आज मात्र दामल्यांनी स्वतःच घोळ केला होता. डॉक्टर येणार म्हणून बैल कसा लखलखीत दिसला पाहिजे. त्यांनी त्याला ओढ्यावर दोनदा धुवायला लावलं. शिंगांना तेल एकदा लावून झालं होतं, ते पुन्हा लावायला लावलं. नम्रता दोनदा म्हणाली, "काका, वेळ झाली." ते दोन्ही वेळा म्हणाले, "हो, पाचच मिनिटं." त्या पाच मिनिटांची पंचवीस झाली. आणि आता परतीच्या वाटेवर चांद्याने आपला हिशेब आपण पुरा केला होता.

"उठव त्याला," दामले मनस्विनीला म्हणाले. "हळूच. जरा शेपटीला हात लाव."

आज चांद्याच्या सुट्टीवर लक्ष ठेवायची पाळी मनस्विनीची होती. ती आठवीतली, किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची मुलगी. तिची अडचण अशी की तिला कुणाला नाही म्हणता येत नसे. शाळेत ती स्वतःचं धरून चार जणींची दप्तरं वाहायची. तिघींचा गृहपाठ करायची. एकदा स्नेहसंमेलनात कुणीतरी तिला सांगितलं, "इथे उभी राहा, मी आलेच," आणि ती मुलगी घरी निघून गेली तरी मनस्विनी दोन तास तिथेच उभी होती. नम्रता सहा महिने तिच्या तोंडून एक नकार काढायचा प्रयत्न करत होती. खेळात, नाटकात, चिठ्ठीवर लिहूनसुद्धा. पोरगी मान हलवून प्रत्येक गोष्टीला हो म्हणे, अगदी "तू आता नाही म्हणशील का?" यालासुद्धा.

मनस्विनीने चांद्याकडे पाहिलं, मग दामल्यांकडे. तिचे ओठ दोनदा हलले.

"नाही," ती म्हणाली.

दामल्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात नम्रताने मागून त्यांची बाही धरली. "काका," ती कुजबुजली, "ती नाही म्हणाली."

"ऐकलं मी. पण आत्ता कशाला?"

"ते आपण ठरवायचं नसतं ना."

"मनू," दामले आवाज जमेल तेवढा गोड करून म्हणाले, "नियम बरोबर आहे. पण आज अपवाद समज."

"कागदावर अपवाद लिहिलेला नाही, काका."

"अगं, त्या कागदावर सही माझीच आहे."

"हो," मनस्विनी म्हणाली. "म्हणूनच."

एवढ्यात वळणावर हॉर्न वाजला आणि कंपनीची निळी बस चांद्याच्या शेपटीपासून पंधरा पावलांवर येऊन थांबली. ड्रायव्हर विनीत गावातलाच. त्याने आधी हॉर्न दिला, मग डोकं बाहेर काढलं. मनस्विनी बसच्या दिशेने गेली, हात वर करून उभी राहिली आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "दादा, हॉर्न नका वाजवू. तो सुट्टीवर आहे."

"कोण?"

"चांद्या."

विनीत खाली उतरला. त्याच्या मागून पाच-सहा कामगार उतरले. विनीतने दामल्यांकडे पाहिलं. दामल्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"काका, पाळी तीनला आहे," विनीत म्हणाला. "पहिल्या पाळीची माणसं आमची वाट बघत असतात. आम्ही गेल्याशिवाय त्यांना जागा सोडता येत नाही. हा उठेल कधी?"

"त्याला वाटेल तेव्हा," मनस्विनीने उत्तर दिलं.

एक दांडगा कामगार पुढे झाला आणि त्याने चांद्याच्या गळ्यातल्या दाव्याला हात घातला. "ए पोरी, सरक बाजूला. मी उठवतो. घरी चार बैल आहेत आमच्या."

मनस्विनी सरकली ती त्याच्या आणि बैलाच्या मधे. "नाही, दादा," ती म्हणाली. "त्याचं आजचं काम झालंय. जास्तच झालंय."

दांडग्या माणसाने दावं सोडलं. तो मागे वळून सोबत्यांना म्हणाला, "मला गेल्या आठवड्यात सलग दोन पाळ्या लावल्या, तवा ही पोर कुठं होती रे?"

बसमध्ये हशा पिकला. पण घड्याळ काही हसत नव्हतं. कुणीतरी रावजींना बोलावून आणलं. रावजी आले, त्यांनी एकवार चांद्याकडे पाहिलं आणि गडग्यावर चढून ऐसपैस बसले.

"रावजी, बैल तुमचा आहे," विनीत काकुळतीला येऊन म्हणाला. "तुम्ही हाक मारलीत तर उठेल."

"उठंल की," रावजी म्हणाले. "पन शनवारी तो माजा नसतो. शनवारी तो ह्या पोरांचा. तिला इचार."

विनीतने विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊकच होतं, तरी सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. या वेळी मनस्विनीचा आवाज थरथरला नाही.

दामल्यांची अवस्था फार विचित्र झाली होती. समोर गाडी अडकलेली, म्हणजे जुन्या नियंत्रकाचं रक्त उसळत होतं. आणि त्याच वेळी नजर पुन्हा पुन्हा ह्या मुलीकडे वळत होती. आपल्याला इतक्या माणसांसमोर, आपल्याच साहेबाच्या तोंडावर, कधी असं म्हणता आलं होतं का, हे ते आठवून बघत होते. एकदाही आठवेना.

बरोबर दोन वाजून अकरा मिनिटांनी एसटी आली. चांद्याच्या तोंडापासून वीस पावलांवर थांबली. दारातून कंडक्टरने वाकून पाहिलं आणि सलाम ठोकला. "दामलेसाहेब, तुमच्या हद्दीत ब्लॉक?"

त्याच्या मागून डॉक्टर मालिनी उतरल्या. खांद्याला पिशवी, पायात साधे बूट. त्यांनी बैल पाहिला, त्याच्या पलीकडची बस पाहिली, मधे उभी असलेली मुलगी पाहिली. दामल्यांनी उभ्या उभ्या तीन सबबी तयार केल्या होत्या. उन्हाची, खुराची, आणि एक रावजींच्या नावावरची. बाई समोर आल्यावर तिन्ही विरून गेल्या.

"डॉक्टर, चूक माझी आहे," ते म्हणाले. "बारा चाळीसला सोडायला हवं होतं. मी एक पाचला सोडलं. तुम्ही येणार म्हणून त्याला चकचकीत करत होतो. तो दमून बसलाय."

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या.

"कळलं असतं. हिने सांगितलं असतं."

डॉक्टर मनस्विनीकडे वळल्या. "मी त्याला तपासू का गं? मी जनावरांची डॉक्टर आहे."

मनस्विनीने थोडा विचार केला. डॉक्टर म्हणजे मोठं माणूस, आणि नियमात मोठ्यांबद्दल स्पष्ट लिहिलेलं होतं. "तो आजारी नाहीये," ती म्हणाली. "नीट रवंथ करतोय. म्हणजे आत्ता नाही. उठल्यावर तपासा."

"बरं," म्हणून डॉक्टर रावजींच्या शेजारी गडग्यावर जाऊन बसल्या. रावजींनी सरकून त्यांना सावलीतली जागा दिली.

दोन वाजून सोळा मिनिटं. दामल्यांनी एकदा डावीकडची बस पाहिली, एकदा उजवीकडची. आणि त्यांच्या डोक्यात, कितीतरी वर्षांनी, कंट्रोल केबिनमधला तो जुना दिवा लागला.

"कंडक्टर, तुमची परतीची फेरी लोट्यावरूनच जाते ना?"

"दुसरीकडून कुठून जाणार साहेब?"

"आणि विनीत, तुला गावात परत जायला किती वेळ?"

"रिव्हर्समध्ये दहा मिनिटं. का?"

दामले फणसाच्या मुळावर चढले. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि आवाज चढवला, पण लगेच मनस्विनीच्या डोळ्यांकडे लक्ष गेल्यावर तो खाली आणला. खेडच्या स्थानकावर जो आवाज चार फलाटांवर ऐकू जायचा, तो त्यांनी त्या दिवशी जवळजवळ कुजबुजत वापरला. "कृपया लक्ष द्या. लोट्याला जाणाऱ्या कामगारांनी बैलाच्या उजव्या अंगाने एसटीत बसावं. गावात जाणाऱ्या प्रवाशांनी डाव्या अंगाने कंपनीच्या बसमध्ये बसावं. रांगेने. घाई करू नये. बैलाला स्पर्श करू नये."

विनीतने फोन लावून आपल्या साहेबांची परवानगी काढली. बैल हा शब्द त्याला फोनवर तीनदा सांगावा लागला. कंडक्टरने कामगारांची तिकिटं काढायला मशीन सरसावलं. गावातल्या थांब्यावर परतीच्या एसटीसाठी तीन माणसं उभी असणार, हेही दामल्यांना सुचलं, आणि त्यांना आणायला ऋत्विक वाऱ्यासारखा धावला. पाच मिनिटं बाकावर न टिकण्याचा असाही उपयोग असतो.

मग ती मिरवणूक निघाली. एका बाजूने डबे आणि हेल्मेटं घेतलेले अठ्ठावीस कामगार, दुसऱ्या बाजूने पिशव्या, टोपल्या आणि एक कोंबडी घेतलेले गावकरी. मनस्विनी बैलाच्या डोक्याशी उभी राहून ओठांवर बोट ठेवून होती. सगळे पाय न वाजवता चालले होते. दांडगा कामगार तर गडग्याला पोट चिकटवून आडवा सरकत गेला. कोंबडीला मात्र नियम माहीत नव्हता, ती ओरडली. तिच्या मालकिणीने, येसूबाईंनी, पदराने तिचं तोंड झाकलं आणि चांद्याला नमस्कार करून त्या पुढे गेल्या. चांद्याने एक कान हलवला. डोळे उघडले नाहीत.

कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर येसूबाईंनी गादीची सीट दोन्ही हातांनी दाबून पाहिली. "आमची पोरां हिच्यातनां जातात व्हय कामाला? आन घरी येऊन सांगतात, दमलो."

दोन वाजून एकतीस मिनिटांनी एसटी मागे मागे जात हमरस्त्याला लागली. कंपनीची बस तशीच मागे मागे गावाकडे गेली. कामगार तीनला पाच मिनिटं असताना फाटकातून आत गेले, हे विनीतने फोन करून कळवलं तेव्हा दामल्यांनी डोळे मिटून घेतले. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घेतानाही त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

रस्ता मोकळा झाला. पाखरांचे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले. आणखी सात मिनिटांनी चांद्याने मान हलवली, आधी मागचे पाय उभे केले, मग पुढचे, अंग झाडलं आणि आपण होऊन मनस्विनीच्या खांद्याला नाक लावलं.

"आता तपासा," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टर मालिनींनी अर्धा तास चांद्याला तपासलं. खूर, दात, डोळे, खांद्यावरचा जुवाचा जुना घट्टा. मग वही मिटली. "दामले, माझ्याकडे बारा पानांचा तक्ता आहे," त्या म्हणाल्या. "जनावराला नको म्हणायची मुभा आहे का, असा त्यात एक प्रश्न असतो. बहुतेक ठिकाणी मला कागद दाखवतात. तुम्ही मला दोन बसेस दाखवल्यात."

मान्यतेचं पत्र दहाव्या दिवशी आलं. त्याच्या आदल्याच दिवशी मनस्विनीच्या आईचा नम्रताला फोन आला होता. "बाई, तुम्ही काय शिकवलंत तिला? काल कारलं नको म्हणाली. आज आत्याच्या मुलीचा प्रकल्प करून द्यायला नको म्हणाली. वर्गात दप्तरंही आता ज्याची त्याने उचलायची म्हणे." आई तक्रारच करत होती, पण मधेच तिचा आवाज ओला झाला.

दामल्यांनी ठरवलं, ह्या मुलीचा सत्कार झालाच पाहिजे. त्यांनी हॉल बघितला, शाल बघितली, आणि दोन दिवस बसून भाषण लिहिलं. शनिवारी ते मुद्दाम लवकर रावजींच्या वाडीत पोचले. मनस्विनी चांद्याला गवत घालत होती.

"मनू, पुढच्या रविवारी तुझा सत्कार करतोय आम्ही. स्टेजवर दोन शब्द बोलशील?"

"नाही, काका."

"बरं, बोलू नकोस. नुसती शाल घे, नारळ घे."

मनस्विनीने हातातली पेंढी खाली ठेवली आणि अगदी नीट विचार केला. त्यांचं मन मोडणार, हे तिला दिसत होतं. "नाही," ती हळूच म्हणाली. "मला नकोय. रागावलात?"

"छे, छे. पण मी भाषण लिहिलंय गं. ते ऐकायला तरी पहिल्या रांगेत बसशील?"

"किती पानांचं आहे?"

"नऊ."

"नाही," मनस्विनी म्हणाली, आणि यावेळी हसली.

संध्याकाळी दामले घरी परतले तेव्हा त्यांच्या पत्नी ओटीवर कोकमं निवडत होत्या. सत्काराच्या तयारीचं त्यांना सगळं ठाऊक होतं. नवऱ्याच्या पायांत तर आज पोरासारखा जोर दिसत होता.

"काय म्हणाली मग तुमची मनू?"

"नाही म्हणाली," दामले पायरीवर बसत म्हणाले. "तीनदा."

बोर्डात पहिली आलेल्या नातीचा निकाल सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. पत्नीने त्यांच्या तोंडाकडे जरा वेळ निरखून पाहिलं, सूप बाजूला ठेवलं, आणि शिऱ्याला रवा भाजायला त्या आत गेल्या.